कुकरला कारण नको, खोड हवी

पत्र : मी दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात राहते आणि ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून काम करते. गेली तीन वर्षे सातशे-आठशे शब्दांच्या कथा लिहीत आहे. कथा घरातील साध्या वस्तूंच्याच असतात, पण त्या वस्तू वेळेशी नीट वागत नाहीत. माझ्या ताज्या कथेत सासरे गेल्यापासून भिंतीवरचे घड्याळ मागे पडू लागते, कुकर उद्याच्या शिट्ट्या आज वाजवतो आणि मोबाइलवर मागच्या वर्षीचे संदेश पुन्हा येऊ लागतात. तालुक्याच्या एका बैठकीत ही कथा वाचली, तेव्हा एकांनी विचारले की हे असे का घडते याचे कारण कुठे आहे. म्हणून घरी येऊन मी शेवट बदलला आणि नायिकेला स्वप्नातून जागे केले. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र सुनावले, "कापसाला भाव नाही आणि तुम्ही घड्याळाच्या गोष्टी काय लिहिता?" घरी जावेला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "दोन पानं झाले, पन कुकरात शिजू काय राह्यलं होतं, हे तं तुनं सांगतलंच नाई." कारण कसे द्यावे, आणि अशा कथा लिहाव्यात की नाही, हे कृपया सांगावे.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात तीन समीक्षक आले आहेत आणि त्यांतील सर्वांत तयारीची समीक्षक तुमची जाऊ आहे. तिच्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन, कारण बाकीच्या दोघांचे समाधान झाले तरी तिचे झाले नाही तर कथा उभी राहणार नाही.

आधी स्वप्नाचा शेवट काढून टाका. वाचकाने दोन पाने तुमच्या घरात काढलेली असतात, त्या कुकरवर विश्वास ठेवलेला असतो, आणि अखेरीस तुम्ही त्याला सांगता की यातले काहीच झाले नाही. पंगतीत बसवून पान उचलून नेण्यासारखे ते आहे.

आता कारणाविषयी. पोळ्याच्या आधी बैलबाजारात जोडी पाहायला गेलेला शेतकरी दात पाहतो, खांदा चाचपतो आणि मग दलालाला जरा बाजूला घेऊन विचारतो, "खोड काय हाय?" एखादा बैल नाल्याच्या पाण्यात बसकण मारतो, एखादा सारखा डाव्या अंगाला ओढतो, एखाद्याचा कासरा परक्या माणसाने धरला की तो शिंग उगारतो. ही खोड त्याला का लागली याची चौकशी कोणी करत नाही. मात्र ती नेमकी कोणती, ती केव्हा उमटते आणि तिच्यापायी काय नुकसान सोसावे लागते, हे समजल्याशिवाय कोणी पैसेही मोजत नाही. वाचकाचे तसेच आहे. बैठकीतील त्या गृहस्थांनी "का" विचारले, कारण तुमच्या कथेत "कसे" पक्के झालेले नव्हते. घड्याळ रोज किती मागे पडते, दिवसाला एक मिनिट की एक तास, की फक्त सासऱ्यांच्या जेवणाच्या वेळी? कुकर रोज वाजतो की अधूनमधून? मोबाइलवर सगळेच जुने संदेश येतात की एकाच माणसाचे? यांपैकी कशाचेही उत्तर कथेत मिळत नसेल, तर वाचक चाचपडतो, आणि चाचपडणारा माणूस कारण मागतो.

कारण देणे हे काही कमी दर्जाचे काम आहे असे मात्र समजू नका. तो वेगळा व्यवहार आहे. विज्ञानकथेत कारण द्यावेच लागते आणि ते पटेल असे द्यावे लागते. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांच्या पहिल्या विज्ञानकथेला पहिले पारितोषिक मिळाले, तेव्हा ती "नारायण विनायक जगताप" या नावाने आलेली होती, ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. (काळाशी खेळणाऱ्या लेखकाने टोपणनावही उलट्या दिशेने चालवावे, याची मला अजून गंमत वाटते.) तुम्हाला तशी कथा लिहायची असेल तर भौतिकशास्त्राची पुस्तके उघडा. तुमच्या पत्रावरून मात्र तुम्हाला वाफेच्या सिद्धान्तापेक्षा वाफ असलेल्या घरात अधिक रस आहे असे दिसते. मग कारण सोडा आणि खोड ठरवा.

एका कथेत एकच वस्तू घ्या आणि तिला एकच खोड द्या. तुमच्या कथेत तीन वस्तू बिघडल्या आहेत. त्यामुळे एकही बिघाड अंगावर येत नाही, घराला नजर लागली असावी असे वाटून वाचक पुढे सरकतो. तिघांपैकी मोबाइल मी लगेच वगळीन. गावात रेंज नसली की संदेश दोन दोन दिवसांनी येतात, समाजमाध्यमे आपण होऊन "मागच्या वर्षी आजच्या दिवशी" म्हणत जुने फोटो पुढे करतात. मोबाइलची ही वागणूक सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. तिथे चमत्कार घडला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

घड्याळाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण मृत माणसामागोमाग बिघडणारे घड्याळ इतक्या जणांनी लिहिले आहे की ते पहिल्या ओळीत दिसले तरी शेवटची ओळ समजते. शिवाय आपल्या भागातील वाचक घड्याळाच्या खऱ्या खोडी ओळखतो. आमच्या घरी लंबकाचे, लोखंडी दांडीचे घड्याळ होते. उन्हाळा चढला की ते मागे पडे. दांडी उष्णतेने लांबते आणि लांब लंबकाचा झोका सावकाश होतो. तापमान २० अंशांनी वाढले तर असे घड्याळ दिवसाला साधारण १० सेकंद, म्हणजे आठवड्याला एक मिनिटाहून थोडे अधिक मागे राहते. वडील अक्षय तृतीयेला लंबकाखालची चकती एक आटा वर चढवीत आणि दसऱ्याला पुन्हा एक आटा खाली घेत. घरात कोणीही त्याला चमत्कार म्हटले नाही. आजच्या सेलच्या घड्याळाचीही खोड तुम्ही पाहिली असेल: सेल उतरत आला की सेकंदकाटा पुढे जात नाही, एकाच जागी थरथरत राहतो, आणि बहुतेकदा तो नऊच्या आकड्यापाशी अडतो, कारण तिथे आडवा झालेला काटा वर उचलायला सर्वांत अधिक जोर लागतो. तुमचे घड्याळ मागे पडले की तुमचा वाचक प्रथम ऊन आठवणार, मग सेल बदलणार, मग तालुक्याच्या घड्याळजीकडे नेणार. तुमच्या पात्रांनीही हे सर्व केले पाहिजे. आपल्याकडच्या कोणत्याही घरात भुताच्या आधी सेलची शंका घेतली जाते.

तरीही घड्याळ सोडवत नसेल, तर एक वाट सुचवतो. १ जानेवारी १९०६ पासून आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. तेथून पश्चिमेला सरकताना प्रत्येक अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे दारव्ह्याच्या आसपासचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी १९ मिनिटे मागे असतो, गडचिरोलीचा १० आणि बुलढाण्याचा सुमारे २५. सासरे गेल्यावर ते घड्याळ नेमके १९ मिनिटे मागे पडले आणि तिथेच स्थिर राहिले, कितीही लावले तरी रात्रीतून परत तेवढेच मागे जाऊन बसले, तर ते बिघडलेले नाही. ते तुमच्या शिवाराची वेळ दाखवते आहे आणि बाकीचा देश घाईत आहे. हे कथेत सांगायचे नाही. सुनेने एके दिवशी अंगणातल्या खांबाची सावली पाहावी, एवढे पुरे. ही कथा वेगळी लिहा. कुकरच्या कथेत तिला जागा नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमच्या तालुक्यातून शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीचा अरुंद रूळ जातो, १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, आणि बंद पडलेल्या गाडीची शिटी मध्यरात्री ऐकू येते अशी कथा सुचण्याचा मोह तुम्हाला कधी ना कधी होणार. तो आवरा. त्या रुळावर गवताबरोबर अशा कथाही पुष्कळ उगवल्या आहेत.

कुकर मात्र अस्सल आहे, कारण आपल्याकडच्या स्वयंपाकघरात वेळ मिनिटांत मोजली जात नाही, शिट्ट्यांत मोजली जाते. वरणाला तीन, हरभऱ्याला सहा, भाताला दोन. जुन्या काळी पाण्यावर तरंगणारे, तळाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे मानत, आणि "घटका भरली" हा शब्दप्रयोग त्या बुडणाऱ्या वाटीतून आपल्या बोलण्यात आला. कुकरची शिट्टी त्याच कुळातील आहे: भांडे स्वतःच वेळ सांगते. म्हणून ते खोटे बोलू लागले की घर हादरते.

तुम्ही म्हणता, कुकर उद्याच्या शिट्ट्या आज वाजवतो. छान. आता हा नियम शेवटपर्यंत खरा धरा, कारण तुम्ही तो अर्ध्यात सोडला आहे. उद्याच्या शिट्ट्या आज वाजल्या, तर आजच्या शिट्ट्या काल वाजून गेलेल्या असणार. म्हणजे आज वरण गॅसवर चढवले की कुकर मुका राहणार. सून मोजणार कशी? पहिल्या दिवशी डाळ करपते, दुसऱ्या दिवशी घाईत उतरवलेली तूर दाताखाली कचकच लागते, तिसऱ्या दिवशी ती मोबाइलवर गजर लावते आणि सासू म्हणते की गजर लावून सयपाक करणारी पहिली बाई पाहिली. इथे तुमची खोड घरातल्या माणसाला काही तरी भोगायला लावते, आणि तेव्हाच ती खरी होते. नियम सांगायलाही नको, तो असा दिसू द्या:

"मंगळवारी दुपारी फळीवर पालथा घातलेला कुकर तीन वेळा वाजला. आत काही नव्हते, खाली जाळ नव्हता, आणि शिट्टी तर घासून खिडकीत वाळत ठेवलेली होती. आवाज खिडकीतून आला. सासूने तूर पाखडायचे सूप मांडीवरून खाली ठेवले आणि कंटाळून विचारले, 'उद्या बी वरनच का वं?'"

या चार ओळींत कोणालाही आश्चर्य वाटलेले नाही, याकडे लक्ष द्या. घरातील माणसांना सवय झाली आहे आणि म्हणून वाचकाला नवल वाटते. तुमच्या खर्ड्यात "अचानक", "गूढ" आणि "अंगावर काटा आला" हे शब्द असतील, असा माझा कयास आहे; ते सगळे खोडा. संवाद वऱ्हाडीत ठेवा आणि निवेदन साध्या लेखी मराठीत. सासू प्रमाण मराठीत बोलू लागली, तर कुकर उद्याचा वाजण्यापेक्षा तेच अधिक अविश्वसनीय वाटेल.

नियम पक्का झाला की कथा स्वतःहून पुढे जाते. एके दिवशी आठ-दहा शिट्ट्या वाजतात: उद्या पाहुणे. सून आधीच तांदूळ निवडून ठेवते आणि घरात तिची वाहवा होते. असा एखादा फायदा अवश्य दाखवा, पण एका परिच्छेदात आटपा. मग तो दिवस येतो, ज्या दिवशी कुकर वाजतच नाही.

तुमच्या कथेचा हा मध्य आहे, आणि तुम्ही तो लिहिलेलाच नाही. उद्या या घरात काही शिजणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे घरात कोणी गेले की चूल पेटत नाही, जेवण भाऊबंदांकडून आणि शेजाऱ्यांकडून येते, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. तुम्ही एक अक्षरही समजावून सांगू नका. सुनेला काय करावेसे वाटेल ते पाहा. ती आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी शोधेल. एकादशी नाही, आणि असती तरी बटाटे उकडायला कुकर लागतोच. मग ती सिलिंडर हलवून पाहील. तो १४.२ किलोचा, मागच्या आठवड्यात आलेला, दोन्ही हातांनी तिरका केला तरी जागचा हलत नाही. कोणाचे लग्न आहे का, गावजेवण आहे का, सप्ताहाचा काला आहे का, हे ती जावेला सहज विचारल्यासारखे विचारील. एकेक निरुपद्रवी अर्थ गळत जाईल आणि दिवस मावळेल. शेतपंपाच्या थ्री फेज विजेची पाळी त्या दिवशी रात्रीची आहे. नवरा हरभऱ्याला ओलित करायला बॅटरी घेऊन निघाला आहे. रब्बीच्या दिवसांत रात्रीच्या लाइनीवर शेतात जाणाऱ्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय, साप, ओल, उघडी वायर, हे तुमच्या तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. ती त्याला थांबवू शकते का? काय सांगून? "आज कुकर वाजला नाही"? याच्या पुढे मी जात नाही, पुढचे तुम्ही लिहायचे आहे. तो परत येतो की नाही, हे ठरवण्याआधी ती फळीवरच्या कुकरकडे किती वेळा पाहते ते लिहा.

आता शिक्षकांचा आक्षेप. तो कडू असला तरी पोकळ नाही, आणि त्याला "साहित्याला विषयाचे बंधन नसते" असले उत्तर देऊ नका. वरच्या कुकरच्या कथेत रात्रीचे ओलित आले, ते मी मुद्दाम कोंबले नाही. शेतकऱ्याच्या घरात वेळेची कथा लिहिली की शेती आपोआप त्यात येते. सर्वांत अधिक वेळेने छळलेला माणूस शेतकरीच आहे. पाऊस पेरणीआधी येतो किंवा पेरणीनंतर तीन आठवडे येत नाही, लाइन माणसे झोपल्यावर येते, कापूस घरात असताना भाव नसतो आणि विकून झाला की चढतो. कर्जाचे व्याज तेवढे दररोज वेळेवर वाढते.

शिवाय त्या शिक्षकांसाठीची वस्तू तुमच्या कार्यालयाच्या खणातच पडलेली असेल. आवक नोंदवहीजवळ तारखेचा शिक्का असतो: रबराच्या पट्ट्या, दिवसाच्या, महिन्याची, वर्षाची, आणि त्या फिरवायला कडेला दातेरी चाके. सकाळी आल्याबरोबर अंगठ्याने दिवसाची पट्टी एक घर पुढे सारायची, इतके साधे काम. समजा, हा शिक्का एक दिवस मागची तारीख उमटवू लागला. पट्टीवर १८ दिसते, कागदावर १७ उमटते. २०२५ च्या खरिपाआधी पीकविम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे, हे तेव्हा तुम्ही गावकऱ्यांना तोंडपाठ सांगितले असेल; कथा त्या काळातली धरा. चौथ्या दिवशी ओला कागद घेऊन म्हातारा दारात उभा राहतो. संगणक त्याला घेणार नाही, सर्व्हरला दयामाया नाही. पण खणातला शिक्का घेतो. एकाला दिला तर उद्या किती जण येतील? आणि दिवसाला एकाच कागदावर मागची तारीख उमटते, दुसऱ्यावर नाही, असा नियम ठेवला तर तो एक कोण, हे ठरवायला टेबलामागे तुम्हीच बसलेल्या आहात. अशा शिक्क्यावरची वर्षाची पट्टी दहा-बारा वर्षांत संपते, त्याचेही काही करता येईल. ही कथा त्याच बैठकीत वाचा. शिक्षकांनी त्यानंतरही घड्याळाचे नाव काढले तर मला कळवा.

या दोन कथा एकदम लिहू नका. आधी कुकर, मग शिक्का. घड्याळ पावसाळ्यासाठी राखा, तेव्हा सावली पाहायला मिळत नाही आणि सुनेला वाट पाहावी लागते. प्रत्येक कथेच्या वहीत पहिल्या पानावर खोड एका वाक्यात लिहून ठेवा, आणि कथेत कुठेही ती मोडली असेल तर वाक्य बदलू नका, कथेतला प्रसंग बदला.

राहिली तुमची जाऊ. तिने विचारलेला प्रश्न हा संपादकाने विचारावा असा आहे. कुकर तीन वेळा वाजला आणि तो कोणत्या पदार्थाचा वाजला हेच माहीत नसेल, तर तीन हा आकडा निरर्थक आहे. तूर असेल तर नेहमीचा दिवस, हरभरा असेल तर काही तरी अर्धे शिजले. त्या घरात कोणत्या डाळीला किती शिट्ट्या लागतात, हे तुमच्या अंदाजाने लिहू नका, तिला विचारून लिहा, कारण तुमचा बराच दिवस कार्यालयात जातो आणि तिचा चुलीपाशी. नवा खर्डा झाला की तो बैठकीत नेण्याआधी संध्याकाळी तिचा सयपाक चालू असताना शेजारी बसून वाचा. कसे वाटले असे विचारू नका. ती पोळ्या लाटत असेल. वाचताना जिथे तिचा हात लाटण्यावर थांबेल, तिथे समासात पेन्सिलीने खूण करून ठेवा.